एकोणचाळीस अंकी मूळ संख्या आणि तिची शेजारीण

प्रश्न थोडक्यात असा आहे: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही संख्या, म्हणजेच २^१२७ − १, मूळ असल्याचे १८७६ मध्येच ठरले होते असे वाचनात आले. तेव्हा तर संगणक नव्हते. मग एवढ्या मोठ्या संख्येला भागून पाहिले कोणी? तिचे आणखी काय गुणधर्म आहेत? आणि बँकांच्या सुरक्षेत अशाच संख्या वापरतात हे खरे का? (२^१२७ असे लिहिले की २ चा १२७ वा घात समजावा. पुढे या संख्येला मी नुसते ‘म’ म्हणेन.)

भागून कोणीच पाहिले नाही. तशी गरजच पडली नाही, कारण म च्या लगेच पुढची संख्या २^१२७ आहे आणि तिच्यात २ सोडून दुसरा कुठलाही मूळ अवयव नाही. म चे बहुतेक सगळे गुणधर्म या एका शेजारणीकडून आलेले आहेत. कित्येक वर्षे संख्या सिद्धांत शिकवताना मी हे पाहत आलो आहे की विद्यार्थी अंकांची लांबलचक रांग बघून थक्क होतात आणि खरे नवल शेजारच्या घरात आहे हे त्यांच्या लक्षातच येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकाराचा अंदाज घेऊ. आपल्या जुन्या गणनेत परार्ध म्हणजे १ वर १७ शून्ये. परार्धाला परार्धाने गुणले तरी १ वर ३४ शून्येच होतात, आणि म त्याच्याही सुमारे १७ हजार पट आहे. भागून पाहायचे तर वर्गमूळापर्यंत जावे लागेल. म चे वर्गमूळ साधारण १.३ × १०^१९ येते. सेकंदाला १०० कोटी भागाकार करणारे यंत्र घेतले आणि एकेक संख्या घेत गेलो, तर ४०० हून जास्त वर्षे लागतील.

अर्थात जाणता माणूस असे आंधळेपणाने भागणार नाही. २^१२७ − १ ला कुठल्या मूळ संख्येने भाग जाऊ शकतो यावर दोन कडक अटी आहेत. पहिली, तो भाजक २५४ च्या पटीत १ मिळवून आलेला असला पाहिजे (२५४ म्हणजे १२७ ची दुप्पट). दुसरी, त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. आता रांगेत उभे राहून बघा. २५५ पहिल्या अटीत बसते पण ती मूळ नाही. ५०९ आणि ७६३ दुसऱ्या अटीत अडतात. १०१७ ला ९ ने भाग जातो, १२७१ म्हणजे ३१ × ४१, १५२५ आणि १७७९ पुन्हा दुसऱ्या अटीत गळतात, २०३३ म्हणजे १९ × १०७. पहिला खरा उमेदवार येतो तो थेट २२८७. म्हणजे ३, ७, ११, १३ पासून २२८७ च्या आतली एकही मूळ संख्या तपासायची गरज नाही. इतकी चाळणी लावली की तेच यंत्र ४०० वर्षांऐवजी दहाएक महिन्यांत काम संपवेल. तरीही १८७६ मध्ये कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसाला हा रस्ता बंदच होता.

हे काम केले फ्रान्सच्या एदुआर ल्यूका यांनी. हनोईच्या मनोऱ्याचे कोडे त्यांचेच. त्यांनी वापरलेली युक्ती पुढे १९३० मध्ये अमेरिकेच्या लेमर यांनी सुटसुटीत करून मांडली, म्हणून आज ती ल्यूका-लेमर चाचणी या नावाने ओळखली जाते. कृती अशी: ४ पासून सुरुवात करा. दर पायरीला हातातल्या संख्येचा वर्ग करा, त्यातून २ वजा करा, आणि म ने भागून फक्त बाकी ठेवा. २^प − १ साठी, प ही विषम मूळ संख्या असताना, अशा प − २ पायऱ्या करायच्या. शेवटी शून्य आले तर संख्या मूळ, नाही आले तर नाही. म साठी पायऱ्या फक्त १२५.

छोट्या संख्येवर करून बघू. प = ७ घेतले तर २^७ − १ = १२७. पायऱ्या पाच. ४ चा वर्ग १६, वजा २, म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, म्हणजे १९४. आता १२७ ने भागायचे, पण भागाकार करू नका. १९४ मध्ये १२८ किती वेळा जाते? १ वेळा, उरले ६६. १ आणि ६६ ची बेरीज ६७. तीच बाकी. पुढे ६७ चा वर्ग वजा २ म्हणजे ४४८७. त्यात १२८ जाते ३५ वेळा, उरतात ७. बेरीज ४२. पुढे ४२ चा वर्ग वजा २ म्हणजे १७६२. १२८ जाते १३ वेळा, उरतात ९८, बेरीज १११. शेवटची पायरी: १११ चा वर्ग वजा २ म्हणजे १२३१९. १२८ जाते ९६ वेळा, उरतात ३१, बेरीज १२७, म्हणजे शून्य. १२७ मूळ आहे.

ही ‘घडी घालण्याची’ सोय शेजारणीमुळेच मिळते. १२८ म्हणजे १२७ + १, म्हणून बाकीच्या हिशेबात १२८ ची किंमत १ इतकीच उरते. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहिली, तर १२८ ने भागणे म्हणजे शेवटचे सात अंक कापून बाजूला ठेवणे. उरलेला डावीकडचा तुकडा उचलायचा आणि त्या सात अंकांत मिळवायचा. म च्या बाबतीत सातऐवजी १२७ अंक, एवढाच फरक. ल्यूका यांनी हे गणित १२७ × १२७ चौकटींच्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडणीवर करण्याची रीत सांगितली होती: प्रत्येक चौकट रिकामी किंवा भरलेली, आणि डावीकडून बाहेर पडणारी रांग उजवीकडून पुन्हा आत. आजच्या संगणकाच्या पोटात हेच चालते. मी वर्गात हे नेहमी चौकटीच्या वहीवर करून घेतो. एकदा हाताला वळण लागले की दहावीचा मुलगाही २^१३ − १ तपासतो.

चाचणी नापास कशी करते तेही पाहा. २^११ − १ = २०४७. पायऱ्या ९. बाक्या येतात १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६. शून्य नाही, म्हणून २०४७ मूळ नाही. खरोखरच ती २३ × ८९ आहे. पण चाचणीने २३ किंवा ८९ चे नावही घेतले नाही. ‘अवयव आहेत’ एवढेच तिने सांगितले, ‘कोणते’ हे नाही. मूळ आहे का हे ठरवणे आणि अवयव काढणे ही दोन अगदी वेगळी कामे आहेत, आणि दुसरे कितीतरी अवघड आहे.

इतिहासात याचे ठळक उदाहरण २^६७ − १ चे आहे. मार्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी १६४४ मध्ये यादी दिली होती की २५७ पर्यंतच्या घातांकांत २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ यांच्यासाठीच २^प − १ मूळ असते. यादीत ६७ आणि २५७ चुकीचे निघाले, तर ६१, ८९ आणि १०७ राहून गेले. १२७ मात्र बरोबर होता. ६७ चुकीचा आहे हे ल्यूका यांनी १८७६ मध्येच दाखवले, पण अवयव हाती नव्हते. ते मिळाले १९०३ मध्ये. अमेरिकन गणितज्ञ कोल यांनी सभेत फळ्यावर मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. मधली २७ वर्षे ‘ही फुटते’ हे माहीत होते आणि ‘कशी’ हे माहीत नव्हते. (१९३७०७७२१ मधून १ वजा करून १३४ ने भागून बघा, भाग पूर्ण जाईल. वर सांगितलेली पहिली अट इथेही लागू आहे.)

आता, शेवटी शून्य आले म्हणजे संख्या मूळच, हे कशावरून? मला हा सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो, म्हणून तो टाळून पुढे जाववत नाही. सुरुवातीचे ४ म्हणजे २ + √३ आणि २ − √३ यांची बेरीज. त्यांचा गुणाकार १ आहे. वर्ग करून २ वजा करण्याची पायरी म्हणजे आतल्या आत या दोघांचे घात दुप्पट करत जाणे. शेवटी शून्य आले याचा अर्थ असा निघतो की २ + √३ ला स्वतःनेच गुणत गेलो तर पुन्हा १ पाशी यायला नेमक्या २^१२७ पायऱ्या लागतात, एकही कमी नाही. आता समजा, म मूळ नाही. मग तिचा एखादा मूळ अवयव क असा असेल की क × क ची किंमत म पेक्षा जास्त नाही. सगळा हिशेब क ने भागून उरणाऱ्या बाक्यांत करू. √३ ला सोबत घेतले तरी त्या जगात शून्य सोडून जास्तीत जास्त क × क − १ संख्या असतात, म्हणजे २^१२७ पेक्षा कमीच. एवढ्या लहान अंगणात २^१२७ पावलांची फेरी पुरी होणार कशी? होत नाही. म्हणून असा क असूच शकत नाही.

इथे पुन्हा शेजारीण आली. फेरीची लांबी हा २ चा शुद्ध घात असल्यामुळे ती पूर्ण लांबीची आहे की अर्ध्यावरच संपली एवढे एकच तपासावे लागते. दुसऱ्या बाजूची शेजारीण, म − १, बघा म्हणजे फरक कळेल: २ × ३^३ × ७^२ × १९ × ४३ × ७३ × १२७ × ३३७ × ५४१९ × ९२७३७ × ६४९६५७ × ७७१५८६७३९२९. तिच्या बाजूनेही पुरावा देता येतो, पण आधी हे सगळे अवयव शोधा, मग प्रत्येकासाठी वेगळी तपासणी करा.

ल्यूका यांनी स्वतः ४ ऐवजी ३ पासून सुरुवात केली होती, आणि ती वाट फिबोनाची संख्यांतून (१, १, २, ३, ५, ८ अशा, जिथे प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज असते) आली होती. या संख्या आपल्याकडे फिबोनाचीच्या आधी छंदशास्त्रात विरहांक आणि हेमचंद्र यांनी मात्रांची गणती करताना मांडल्या होत्या. म हा २^१२७ व्या फिबोनाची संख्येला भागतो पण २^१२६ व्या संख्येला भागत नाही, असे दाखवणे हा त्या पुराव्याचा गाभा. ३ पासून सुरू करून वरचीच कृती १२७ वर केली तर मालिका ३, ७, ४७, ४८, १६, ० अशी येते.

करून पाहणाऱ्यांना एक इशारा. पुष्कळ जण संगणकावर फर्माची चाचणी लावतात: २ चा म − १ वा घात घेऊन म ने भागले आणि बाकी १ आली की मूळ म्हणून मोकळे होतात. २^प − १ प्रकारच्या संख्यांवर २ हा पाया (म्हणजे जिचा घात घेतो ती संख्या) कधीही वापरू नका. प मूळ असेल तर ही बाकी नेहमीच १ येते, मग संख्या मूळ असो वा नसो. २०४७ सुद्धा या चाचणीत पास होते. ३ हा पाया वापरला तर चाळणी म्हणून ठीक, पण पुरावा तरीही नाही. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कुठल्याही संख्येसाठी चालणारी, पक्के उत्तर देणारी आणि अंकांच्या लांबीच्या मानाने आटोक्यात राहणारी पद्धत दिली. ते काम फार मोठे आहे. पण या खास घराण्यातल्या संख्यांसाठी ल्यूका-लेमर इतकी वेगवान आहे की प्रत्यक्षात तीच वापरतात.

बाकीचे गुणधर्म आता भरभर सांगतो. म ला दोनच्या अंतरावरची जोडीदार मूळ संख्या नाही: म − २ च्या शेवटी ५ येतो, आणि म + २ ला ३ ने भाग जातो. गंमत म्हणजे म + २ ला ३ ने भागून येणारी ५६७१३७२७८२०१५६४१०५७७२२९१०१२३८६२८०३५२४३ ही संख्या स्वतः मूळ आहे. म ला २^१२६ ने गुणले की बारावी परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतः सोडून सगळ्या भाजकांची बेरीज पुन्हा तीच. ती ७७ अंकी आहे. म च्या आकाराच्या आसपास सरासरी ८८ संख्यांमागे एक मूळ संख्या सापडते, त्यामुळे ‘मोठी मूळ संख्या’ ही तशी दुर्मिळ वस्तू नाही. दुर्मिळ आहे ते हे घराणे. २ घ्या: २^२ − १ = ३, २^३ − १ = ७, २^७ − १ = १२७, आणि पुढची म. चारही वेळा मूळ. ही साखळी कॅटलान यांनी १८७६ मध्येच दाखवली होती. पुढची कडी २^म − १. तिचे अंकच ५ × १०^३७ हून जास्त आहेत, त्यामुळे ती लिहून काढण्याचाही प्रश्न येत नाही. ती मूळ आहे का, हे कोडे अजून उघडेच आहे.

म हा १९५१ पर्यंत माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होता, म्हणजे ७५ वर्षे. हाताने केलेल्या गणिताने सिद्ध झालेली ती आजही सर्वांत मोठी मूळ संख्या मानली जाते. १९५१ मध्ये फेरिए यांनी टेबलावरच्या गणकयंत्राच्या मदतीने ४४ अंकी संख्या सिद्ध केली, आणि त्याच वर्षी केंब्रिजच्या संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी ७९ अंकी. ती १८० × म × म + १ अशी आहे, म्हणजे जुन्या विक्रमाच्याच खांद्यावर उभी. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ ही संख्या ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी आहे, आणि शेवटची खात्री तिचीही ल्यूका-लेमर चाचणीनेच झाली.

बँकेच्या प्रश्नाचे उत्तर: कुलूप म्हणून नाही. आरएसए या गुप्तलेखनाच्या पद्धतीत दोन गुप्त मूळ संख्या लागतात, २०४८ बिटांच्या किल्लीसाठी प्रत्येकी साधारण ३०९ अंकी. म सारखी संख्या साऱ्या जगाला पाठ आहे, ती गुप्त म्हणून वापरणे म्हणजे किल्ली दारातच टांगणे. कोट्यवधी अंकी संख्या तर तिथे कुणी वापरतच नाही. पण जिथे मूळ संख्या उघड असली तरी चालते, आणि हिशेब मात्र वेगाने व्हायला हवा, तिथे हे घराणे उपयोगी पडते. लंबवर्तुळी वक्रांवर उभ्या असलेल्या पद्धतींत २^५२१ − १ वापरणारा एक प्रमाणित वक्र आहे, आणि २०१५ मध्ये मांडलेला फोरक्यू नावाचा वक्र थेट म वरच बांधलेला आहे. कारण तेच, वर १२८ च्या जागी १ धरून घातलेली घडी. भागाकाराऐवजी एक बेरीज.

एक शेवटचा गुणधर्म मी मुद्दाम राखून ठेवला होता. म ने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या जगात २ ला पूर्णांकी वर्गमूळ आहे, आणि ते काढावेसुद्धा लागत नाही: २^६४. त्याचा वर्ग २^१२८, म्हणजे २^१२७ ची दुप्पट, आणि २^१२७ ची किंमत १, म्हणून उत्तर २. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांच्या गोष्टीतली बेरीज अधिक १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१६, हे इथे २ चे वर्गमूळ आहे. १२७ च्या जगात तेच काम १६ करतो: १६ चा वर्ग २५६, वजा दोन वेळा १२७, उरले २.

आता वरच्या मालिका पुन्हा बघा. शेवटी शून्य येण्याआधी ल्यूका यांच्या वाटेवर १६ होते. आपल्या वाटेवर १११ होते, आणि १११ म्हणजे १२७ वजा १६. वर्ग करून २ वजा केल्यावर शून्य हवे असेल तर त्या आधीच्या पायरीला २ चे वर्गमूळच हातात असले पाहिजे. म साठी १२४ व्या पायरीला तिथे २^६४ किंवा म − २^६४ याखेरीज दुसरे काही येऊच शकत नाही. स्वतः करून बघायचे असेल तर २^१३ − १ = ८१९१ घ्या. घडी ८१९२ वर घाला, पायऱ्या ११. बाक्या येतील १४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७, ३६, १२९४, ३४७०, आणि दहाव्या पायरीला १२८, म्हणजे २^७. त्याचा वर्ग १६३८४, त्यातून २ गेले की १६३८२, आणि ती ८१९१ ची बरोबर दुप्पट आहे.